कंबरडं

आपल्या कवितेत पाठ आहे. पाठीवरचे वळ आहेत. पोट आहे, पोटातली आग आहे. हात तर पानोपानी. मूठ, मनगट, तळव्याचे घट्टे. जीभ आहे, छाटलेली. गेल्या चार वर्षांत हाताला लागले तेवढे अंक आणि संग्रह मी वाचले. कंबर फारशी कुठं भेटली नाही. ती भेटली प्रस्थापितांच्या कवितेत. तिथं ती सिंहासारखी बारीक असते, मुठीत मावते. नितंबांच्या भारानं तिथली बाई हळूहळू चालते आणि कवीला घाम फुटतो. आमच्या बाया हळू चालतात कारण डोक्यावर तीस-चाळीस किलो उसाची मोळी असते आणि ती घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं असतं. हे कुणी लिहायचं?

संपादकांनी कविता मागितली होती. मी हाडांवर लिहिलंय. दोस्तांनो, एवढं वाचा. उपयोगाचं आहे.

मी तिसगावचा. नगरहून पाथर्डीला जाताना करंजीचा घाट ओलांडला की पुढं आमचं गाव. दहावीनंतर शाळा सुटली. आता सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. आठ तास उभं राहायचं, साच्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या, धागा तुटलेला दिसला की वाकून सांधायचा. पाळी सुटली की पाय दुखत नाहीत, कंबर दुखते. का दुखते, हे मला पाहिजे होतं. नगरला रद्दीच्या दुकानात शरीररचनेचं एक जाड पुस्तक किलोच्या भावानं मिळालं. पुठ्ठा नव्हता, पुढची पानं नव्हती, पण कमरेचं प्रकरण शाबूत होतं. रातपाळीनंतर ते वाचलं. नाही कळलं ते मोबाइलवर शोधलं. उरलेलं आजीनं आणि आज्यानं शिकवलं होतंच, पण ती विद्या आहे हे पुस्तक वाचल्यावर कळलं.

पुस्तकात श्रोणी, त्रिकास्थी, अनुत्रिक असले शब्द आहेत. वाचताना वाटतं भटजी मंत्र म्हणतोय. आपल्याकडं खुबा आहे, माकडहाड आहे, कड आहे, जांघ आहे, ओटीपोट आहे. दोन्ही शब्द शिका. एक दवाखान्यात लागतो, दुसरा वस्तीत.

आता हात कमरेवर ठेवा. बाजूला जी हाडाची धार लागते ती खुब्याच्या हाडाची वरची कड. माय पोर हिच्यावर घेते, म्हणून आपण कडेवर घेतलं म्हणतो. पाण्याची घागर इथं टेकते. करगोटा इथं अडकतो. ही धार नसती तर माणसाच्या कमरेला काही बांधताच आलं नसतं. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला खराटा बांधायला लावत, त्याची पावलं त्यानंच पुसत जावीत म्हणून. लाहोरला जे भाषण होऊ दिलं नाही आणि १९३६ साली बाबासाहेबांनी जे स्वतः छापलं, त्यात ही गोष्ट आहे. त्या खराट्याची दोरी ह्याच हाडावर टेकत होती.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्याला विणाई खात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आपली थुंकी बाटवणारी. जास्त पगार त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला. म्हंजे बघा, तोंडाला मनाई होती. कमरेला कुठंच मनाई नव्हती. वाकायला, ओढायला, उचलायला आमची कंबर सगळ्यांना चालत होती.

ही कंबर बनलीय कशाची? दोन बाजूला दोन खुब्याची हाडं. मागं, दोघांच्या मधे त्रिकास्थी. तिच्या शेपटाला माकडहाड. त्रिकास्थी म्हणजे पाच मणके वयात येता येता एकमेकांना चिकटून झालेली पाचर. वर रुंद, खाली निमुळती. खुब्याचं हाडही जन्मतः एक नसतं. तीन असतात. वरचं सुपासारखं पसरलेलं ते इलियम. खालचं, ज्याच्यावर आपण बसतो ते इस्चियम. पुढचं, ओटीपोटाच्या तळाशी हाताला लागतं ते प्युबिस. तिन्ही हाडं एका वाटीत भेटतात, त्याच वाटीत मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो. पोरवयात त्या वाटीत तिघांच्या मधे कूर्चा असते, मऊ. साधारण चौदा ते सोळाच्या दरम्यान ती भरून हाड एक होतं. कडा पक्क्या व्हायला विशी उजाडते.

आता आपल्या वस्तीतलं बारा-तेरा वर्षांचं पोरगं आठवा. दसरा-दिवाळी झाली की आईबापासंगं ट्रकात बसून कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडं गेलेलं. फडात मोळ्या बांधू लागतं, उचलू लागतं. त्याच्या खुब्यातली तीन हाडं अजून एकमेकांना भेटलेली नाहीत आणि ते वजन घेतंय.

वजन कसं उतरतं तेही समजून घ्या. डोकं, हात, छाती आणि डोक्यावर मोळी असेल तर मोळी, सगळं कण्यावरून खाली येतं. कमरेच्या पाचव्या मणक्यावरून त्रिकास्थीवर. तिथं त्याच्या दोन वाटा फुटतात, डावीकडं आणि उजवीकडं. खुब्यांतून मांडीत, मांडीतून जमिनीत. बसलं की बैठकीच्या हाडांत. त्रिकास्थी मधे टांगलेली आहे. वजन तिच्या वरच्या, पुढच्या टोकावर पडतं, त्यामुळं ती पुढं कलायला बघते आणि शेपटाकडून वर उचलायला बघते. तिला जागच्या जागी धरतात त्या वाद्या. मागून खुब्याला घट्ट आवळणाऱ्या वाद्या अंगातल्या सगळ्यात मजबूत वाद्यांमधल्या आहेत. खालून आणखी दोन-दोन, बैठकीच्या हाडाला आणि त्याच्या काट्याला बांधलेल्या. पुढं दोन प्युबिस हाडांच्या मधे कूर्चेचा सांधा. असं हे तीन सांध्यांचं कडं. एका सांध्यावर ताण आला की दुसरे दोन बोंबलतात.

पुस्तकात त्यांना अस्थिबंध म्हणतात. वादी हा शब्द आज्याचा. त्याच्या बापाच्या वाट्याला गावाची मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. आज्यानं ते लहानपणी पाहिलं. तो सांगायचा, "खुब्याच्या आत येक वादी आसती. ती कापल्याबगर मांडी सुटत न्हाय. ताकद लावून काय व्हत न्हाय, वादी कुठंय ते माहीत पायजे." मी पुस्तकात शोधलं. गोळ्याच्या टोकाला धरणारी वादी चित्रात होती. १९२७ साली महाडात बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढणं, खाणं सोडा म्हणून सांगितलं. ते वारं पोचता पोचता आमच्याकडंही पोचलं आणि काम सुटलं. बरं झालं. पण एक हिशेब राहिला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात १८३६ साली मधुसूदन गुप्तांनी मुडद्याला सुरी लावली. वरच्या जातीच्या माणसानं प्रेताला हात लावला ही केवढी थोर गोष्ट ठरली. त्यांचं नाव इतिहासात आहे, असावंही. आमच्या पणज्यानं पिढ्यान्‌पिढ्या सांधे सोडवले, त्याच्या नावावर नुसता विटाळ जमा झाला. आजही पोस्टमार्टेमच्या खोलीत जाऊन बघा, प्रत्यक्ष कापाकापी करायला बहुतेक ठिकाणी कोण उभं असतं. सही दुसऱ्याची असते.

आजी सुईण होती. वाड्यावरून रात्री-अपरात्री बोलावणं यायचं, मागच्या दारानं. तिचा हात त्यांच्या बाईच्या अंगात चालायचा, त्यांच्या रांजणाला चालत नव्हता. ती म्हणायची, पोर सरळ येत न्हाय, वळसा घेऊन येतं. मला वाटायचं म्हातारीची म्हण असंल. पुस्तकात कारण मिळालं. कमरेच्या कड्यातून जी वाट जाते ती वरच्या तोंडाशी आडवी रुंद असते आणि खालच्या तोंडाशी उभी रुंद. म्हणून पोराचं डोकं आडवं शिरतं आणि उतरता उतरता फिरतं. आजी आणखी सांगायची, आत बोट घातल्यावर मागचं हाड लागलं न्हाय तर वाट मोकळी. लगेच लागलं तर गाडी जुंपा. डॉक्टरीणबाईही हेच माप दोन बोटांनी घेतात. पुढच्या सांध्याच्या खालच्या काठापासून त्रिकास्थीच्या पुढं आलेल्या टोकापर्यंत. ते अंतर साधारण साडेबारा सेंटिमीटर भरावं लागतं. आजीला सेंटिमीटर माहीत नव्हता. तिला बोट माहीत होतं.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मधे मुक्ता साळवे ह्या फुल्यांच्या शाळेतल्या मांगाच्या मुलीचा निबंध छापून आला. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हे तिनं त्यात मांडलं. बाळंतपण हा जातीचा सवाल आहे हे शाळकरी पोरीला तेव्हा कळलं होतं. ऊसतोडीच्या कोपीत आजही बाळंतपणं होतात. वर पाचट, खाली ओली जमीन.

आणि बाळंत होणारी कोण? मुलीची उंची वाढायची थांबली म्हणजे ती बाई झाली असं आपण धरतो. हाड तसं धरत नाही. उंची थांबल्यावरही काही वर्षं कमरेच्या आतली वाट रुंदावत असते. पण कोपीवर वयात आलेली पोर एकटी ठेवायची भीती, आणि जोडी लागली की पुरा कोयता, उचल जास्त. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी लग्न उरकतात. लग्नाचं वय १८ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते १८ का आहे, हे हाड दाखवून कुणी सांगत नाही.

पोट वाढलं की बाईच्या अंगात आणखी एक गोष्ट घडते. एक रस सुटतो, रिलॅक्सिन. ह्या सगळ्या वाद्या थोड्या सैल पडतात, पोराला वाट मिळावी म्हणून. बाळंत झाल्यावरही त्या लगेच आवळत नाहीत. निसर्गानं गाठी सैल केलेल्या असतात त्याच महिन्यांत आमची बाई मोळी उचलते, आणि बाळंत होऊन महिना भरायच्या आत पुन्हा फडात उभी राहते. कड्याच्या तळाला स्नायूंची झोळी असते, तिच्यावर मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय तोललेले असतात. झोळी ताणली, वाद्या ताणल्या की ते सगळं खाली सरकतं. वस्तीत त्याला अंग बाहेर येणं म्हणतात. दबक्या आवाजात म्हणतात. नवऱ्याला सांगत नाहीत, पोराला तर नाहीच.

आता नसा. आमच्या गिरणीत ड्रॉ फ्रेमवर सहा-आठ पेळू एकत्र ओढून एक करतात. तसेच कण्याच्या तळाकडून पाच ठिकाणाहून निघालेले धागे एकत्र येऊन अंगठ्याएवढी जाड नस होते. अंगातली सगळ्यात जाड. ती ढुंगणाच्या आतून मांडीत उतरते आणि पार पायाच्या बोटांपर्यंत जाते. तिच्या मुळाशी दाब आला की पायात वीज उतरते, त्याला सायटिका म्हणतात. ह्या नसेमुळं एक गोष्ट पाठ करा. ढुंगणाचे मनात चार भाग पाडा. इंजेक्शन घ्यायचंच असेल तर वरच्या आणि बाहेरच्या भागात. आतल्या किंवा खालच्या भागात सुई गेली तर ती नसेवर जाऊ शकते. आमच्या आळीतलं एक पोरगं तापासाठी सुई टोचून आणलं, तेव्हापासून त्याचं पाऊल लोंबतंय. टोचणाऱ्याकडं कसली पदवी होती कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडं सुई टोचणारा तो डॉक्टर.

दुसरी नस बारीक आहे, पण तिची चाल बघा. त्रिकास्थीतून निघते, कमरेच्या कड्याबाहेर पडते, हाडाच्या काट्याला वळसा घालते आणि पुन्हा आत शिरते. लघवी आणि शौच आवरून धरणाऱ्या बाहेरच्या स्नायूंचा ताबा तिच्याकडं. अडलेल्या बाळंतपणात ती ताणली जाते आणि मग बाईला खोकला आला तरी लुगडं ओलं होतं. फडात संडास नसतो. पुरुष बांधावर उभा राहतो. बाई अंधार पडायची वाट बघते. लघवी लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. मग जळजळ, मग ओटीपोटात कळा, मग अंगावरून पांढरं जाणं. ह्यातल्या बहुतेक गोष्टींवर गोळ्या आहेत. पण कळा घेऊन बाई खाजगी दवाखान्यात गेली की उत्तर एकच मिळतं. पिशवी काढा.

माझी माय पंधरा हंगाम कोयत्यावर गेली. चौतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. तपासणी म्हणून एक सोनोग्राफी. आजाराचं नाव सांगितलं नाही. ठेवली तर कॅन्सर होईल, एवढंच. पैसे मुकादमाकडून उचलले आणि पुढच्या हंगामात कंबर वाकवून फेडले. पिशवीबरोबर अंडाशयं काढली की ठेवली, हे आम्हाला आजही माहीत नाही. कागदावर तसं काही लिहिलेलंच नाही. मी तो कागद दहादा वाचलाय. माय म्हणाली, "म्या कशाला इचारू? त्यो शिकल्याला. आन्‌ पाळीच्या दिसात खाडा पडायचा, त्यो तरी वाचला." खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो. हिशेब असा आहे, मित्रांनो. महिन्याचे ते चार दिवस वाचावेत म्हणून बाईनं गर्भाशय द्यायचं.

ते दिल्यावर अंगात काय होतं? गर्भाशय मोकळं लोंबत नसतं. त्याच्या काही वाद्या मागं त्रिकास्थीकडं जातात, काही बाजूला. शस्त्रक्रियेत त्या कापाव्या लागतात. पुढं वजन उचलणं चालूच राहिलं तर उरलेला भाग खाली घसरायची भीती. अंडाशयंही काढली असतील तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं आणि हाडं झिजायला लागतात. ठेवली तरी ते वय लवकर येऊ शकतं. म्हणजे कंबर दुखते म्हणून गेलेली बाई कमरेचं हाड ठिसूळ करून परत येते. माय आता पन्नाशीची नाही अजून. जात्याजवळ बसली की उठताना भिंत धरते. खरा आजार असेल, गाठ असेल, रक्त थांबत नसेल तर पिशवी काढावीच लागते, त्यानं जीव वाचतो. माझा सवाल आजाराचं नाव न सांगता काढलेल्या पिशव्यांचा आहे.

हे एका मायचं नाही. पाथर्डी तालुक्याला लागून बीड जिल्हा. २०१९ च्या जूनमधे आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत बीडमधे ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या, आणि त्या खाजगी दवाखान्यांत. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा बायांमागं एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायांमधे २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण शंभरात तीन होतं. त्यानंतर बीडमधे पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यायचा नियम आला. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं गरज नसताना होणाऱ्या ह्या शस्त्रक्रियांवर राज्यांना निर्देश दिले. पण जिल्ह्याची हद्द कागदावर आहे. तोच मुकादम इकडं येतो, तीच मोळी, तोच फड.

१९२८ साली मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमावर ज्याला नफा मिळतो त्या मालकानं त्याचा भार उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. २०१७ साली देशात ती रजा २६ आठवड्यांची झाली. फडातल्या बाईला सव्वीस दिवस मिळत नाहीत. तिचा मालक कोण, कारखाना की मुकादम, हेच कुणी ठरू देत नाही. आपल्या मोर्च्यात दराची मागणी असते, असलीच पाहिजे. तिच्या शेजारी बाळंतपणाचे पगारी महिने, फडावर संडास आणि पाळीच्या दिवसांचा दंड बंद, ह्या तीन मागण्या लिहा. बाया सभेला येत नाहीत अशी तक्रार आपण करतो. त्यांचं दुखणं आपल्या पत्रकात आहे का?

मी माझ्यापुरतं एक केलं. गिरणीत सुताचे कागदी कोन टाकून देतात. ते कापून, ओले करून, चिकटवून मी कमरेचा सांगाडा केला. त्रिकास्थीला एक अख्खा कोन उलटा बसतो. वाद्यांच्या जागी वेस्टेजचं सूत, पाच-पाच पदरी. गेल्या पौर्णिमेला तो विहारात नेला. बोलायला मी नको म्हणून आशाताईंना बोलावलं आणि सगळे पुरुष बाहेर ओट्यावर बसलो. तासाभराच्या ठरलेल्या कार्यक्रमाला अडीच तास लागले. आतून आधी कुजबूज, मग हसण्याचा आवाज, मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. नंतर कळलं, एक तिशीतली बाई पिशवी काढायची चिठ्ठी कमरेला खोचूनच आली होती. तिनं चार प्रश्न पाठ करून नेले. आजाराचं नाव काय. गोळ्यांनी बरा होतो का. अंडाशयं ठेवणार का. हे सगळं कागदावर लिहून देता का. दवाखान्यात त्यावर तिला रागावले. ती उठून सरकारी दवाखान्यात गेली. तिला जंतुसंसर्ग होता. गोळ्या चालू आहेत.

हे चार प्रश्न पत्रकावर छापा. वाचता येत नाही त्यांना पाठ करून द्या. चौदा एप्रिलच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून प्लॅस्टिकचा सांगाडा आणा, मेडिकलच्या पोरांसाठी मिळतो तसला. तो येईपर्यंत माझा कोनाचा सांगाडा आहे, ज्याच्या वस्तीला पाहिजे त्यानं निरोप द्यावा. सूत जरा सैल पडलंय. नेण्याआधी पुन्हा ताणून बांधून देतो.

जयभीम.